पाय बधिर का होतात? : दारू आणि मज्जातंतूंची गोष्ट

नादकाटा तुमच्या ओळखीचा आहे. तो रबरी ठोकळ्यावर आपटायचा, अनुनाद नळीच्या तोंडाशी धरायचा आणि पाण्याची पातळी खालीवर करीत आवाज कोठे मोठा होतो ते शोधायचे, हा प्रयोग मी गेली वीस वर्षे मुलांकडून करून घेत आहे. या नादकाट्याचा एक अगदी निराळा उपयोग मी प्रथम पाहिला तो २०२१ च्या पावसाळ्यात, एका डॉक्टरांच्या दवाखान्यात.

मी माझ्या चुलत्यांना, म्हणजे आमच्या तात्यांना, तेथे घेऊन गेलो होतो. तात्यांनी सारी हयात मालट्रक चालविण्यात घालविली. वर्षभरापासून त्यांच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. रात्री तळव्यांची आग होई, आणि दिवसा मात्र पायाखाली जमीन आहे की कापूस हेच कळत नसे. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राही आणि ते तसेच चार पावले पुढे जात. मागून कोणीतरी हाक मारून सांगे, "तात्या, चप्पल राहिली!" पोरे हसत, तेही हसत. परंतु एके दिवशी घाटात उतारावर त्यांना क्लच पायाखाली आला की नाही हे खाली वाकून पाहावे लागले. त्यांनी गाडी कडेला लावली, किल्ली क्लीनरजवळ दिली, आणि त्यानंतर ते पुन्हा चालकाच्या जागेवर बसले नाहीत.

डॉक्टरांनी खणातून नादकाटा काढला. त्यावर १२८ हा आकडा कोरलेला होता. त्यांनी तो आपल्या तळहातावर आपटला आणि त्याची दांडी तात्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकविली.

"काका, डोळे मिटा. काही जाणवतंय?"

"काय जाणवायला पाहिजे?" तात्यांनी विचारले.

पुन्हा आपटून नादकाटा घोट्यावर लावला. काही नाही. नडगीवर लावला. "थोडं काहीतरी आहे." मग मनगटावर लावला, आणि तात्यांचा चेहरा एकदम उजळला. "हां! हे भुणभुणतंय. भुंगा मुठीत धरल्यासारखं!"

नादकाटा तोच, सेकंदाला १२८ कंपने तीच, हाडही त्याच माणसाचे. मग मनगटाला जे कळले ते अंगठ्याला का कळू नये?

डॉक्टरांनी काटा खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, "काका, किती घेता?"

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "रोजच. मुक्कामाला पोचल्यावर एक क्वार्टर. कधी जास्त. वीस-एक वर्षं झाली असतील."

दारूने यकृत बिघडते हे आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु दारू पोटात जाते आणि बधिर होतो तो पायाचा अंगठा, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांच्या तासांना बसावे लागते.

निरोप्याचा वेग

अंगठ्याला झालेला स्पर्श मेंदूपर्यंत पोचवितात ते मज्जातंतू. १८५० पूर्वी अनेक विद्वानांना वाटे की हा निरोप इतक्या झटकन जातो की त्याचा वेग मोजणे माणसाला कधीच जमणार नाही. हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून तो मोजून दाखविला. उत्तर आले सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. महामार्गावरील मोटारीच्या वेगाहून फार जास्त नाही!

माणसाच्या शरीरात सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. जाड तंतूंतून निरोप सेकंदाला १२० मीटरपर्यंतच्या वेगाने जातात, तर आग आणि ठणका यांची वर्दी देणारे अगदी बारीक तंतू सेकंदाला एखादा मीटर एवढ्याच वेगाने निरोप नेतात. अंधारात पायाचे बोट उंबऱ्याला आपटते तेव्हा "लागले" हे आधी कळते आणि कळ मस्तकात जाते ती क्षणभराने. तो क्षणभर म्हणजे या दोन निरोप्यांच्या वेगांतील फरक होय. नादकाट्याची कंपने नेण्याचे काम जाड तंतूंचे. म्हणूनच डॉक्टर त्याचा उपयोग करतात.

तंतू म्हटले की आपल्यासमोर तांब्याची तार येते. पण येथे इलेक्ट्रॉन तारेतून वाहत नाहीत. तंतू म्हणजे क्षारयुक्त पाण्याने भरलेली, पातळ पापुद्र्याची एक नळी आहे. नळीच्या आत पोटॅशियमचे आयन जास्त आणि बाहेर सोडियमचे जास्त. या विषमतेमुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. हा आकडा तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण पापुद्र्याची जाडी अवघी सात नॅनोमीटरच्या आसपास आहे. भागाकार करून पाहा : ०.०७ व्होल्ट भागिले ०.००००००००७ मीटर, म्हणजे मीटरला एक कोटी व्होल्ट! ज्या तीव्रतेला हवेत ठिणगी पडते तिच्या तिप्पट तीव्रतेचे विद्युत्क्षेत्र तुमच्या प्रत्येक मज्जातंतूच्या पापुद्र्यात या क्षणी आहे.

स्पर्श झाला की पापुद्र्यातील सूक्ष्म दरवाजे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात, त्यामुळे शेजारचे दरवाजे उघडतात आणि ही लाट पुढे सरकत जाते. रांगेत उभ्या केलेल्या विटांपैकी पहिली पाडली की शेवटपर्यंत पडत जातात, तसेच हे. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकूल नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाडजूड तंतूवर प्रयोग करून १९५२ मध्ये या लाटेचे गणित मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पडलेल्या विटा पुन्हा उभ्या करण्यास मात्र श्रम लागतात. आत आलेला सोडियम बाहेर काढणारे आणि पोटॅशियम आत घेणारे रेणवीय पंप पापुद्र्यात बसविलेले आहेत. ते रात्रंदिवस चालतात आणि त्यांना सतत इंधन लागते. हे इंधन म्हणजे अन्नापासून मिळणारी ऊर्जा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

एक सेंटिमीटर जाड, एक किलोमीटर लांब

अंगठ्यापासून निघणारा तंतू एकाच पेशीचा असतो. त्या पेशीचा मुख्य देह कमरेच्या मणक्यांजवळ आणि तिचे टोक पायाच्या अंगठ्यात! उंच माणसात ही लांबी सहज एक मीटर भरते. तंतूची जाडी मात्र मिलिमीटरचा शंभरावा भाग. हे प्रमाण डोळ्यांपुढे आणायचे तर विहिरीच्या दोरासारखा एक सेंटिमीटर जाडीचा दोर घ्या. त्याच प्रमाणात त्याची लांबी एक किलोमीटर होईल.

आता अडचण अशी की तंतूच्या डागडुजीला लागणारी बहुतेक सर्व प्रथिने कमरेजवळच्या मुख्य देहात तयार होतात. ती एक मीटर दूर असलेल्या टोकापर्यंत न्यावी लागतात. त्यासाठी तंतूच्या आत अतिसूक्ष्म नलिकांचे रूळ टाकलेले असतात आणि त्यांवरून रेणवीय हमाल ओझी वाहून नेतात. जलद गाडी दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर जाते, म्हणजे अंगठा गाठायला अडीच दिवस. पण तंतूचा सांगाडा ज्यापासून बनतो ती प्रथिने मालगाडीने जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. तुमच्या अंगठ्यात आज पोचलेले असे सामान कमरेजवळून निघाले असेल सुमारे एक हजार दिवसांपूर्वी, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षांपूर्वी.

गावात धान्याची टंचाई पडली की हाल प्रथम कोणाचे होतात? बाजारपेठेपासून सर्वांत दूर, वाडीच्या टोकाला राहणाऱ्याचे. मज्जातंतूंचेही तसेच आहे. पुरवठा कमी पडला, वाहतूक मंदावली की प्रथम सुकते ते सर्वांत लांब तंतूचे सर्वांत दूरचे टोक. म्हणून बधिरता पायाच्या बोटांत सुरू होते, आणि दोन्ही पायांत जवळजवळ एकाच वेळी. मग ती घोट्याकडे, पोटरीकडे चढते. ती गुडघ्यापर्यंत येते तोवर हाताच्या बोटांची पाळी आलेली असते. पायमोजे आणि हातमोजे घालावेत तसा हा बधिरतेचा पोशाख असतो. तात्यांच्या मनगटाला नादकाटा कळला आणि अंगठ्याला कळला नाही, याचे रहस्य हे असे लांबीत आहे.

दारू नेमके काय करते?

दारू मज्जातंतूंवर दोन बाजूंनी हल्ला करते.

पहिला हल्ला उपासमारीचा. दारूतील मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅमपासून सात किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तात्यांचेच उदाहरण घ्या. १८० मिलिलिटर दारूत शेकडा ४२.८ भाग मद्यार्क असेल तर मद्यार्क झाला ७७ मिलिलिटर. त्याची घनता ०.७९ धरल्यास वस्तुमान ६१ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ४२५ किलोकॅलरी, म्हणजे अडीच भाकरींइतकी. भूक मरते, ताट तसेच परत जाते. पण भाकरीबरोबर जी प्रथिने, क्षार आणि जीवनसत्त्वे येतात त्यांतले काहीही बाटलीतून येत नाही. यांतील सर्वांत महत्त्वाचे जीवनसत्त्व म्हणजे ब१ किंवा थायामिन. साखरेचे ज्वलन करून ऊर्जा मिळविण्याच्या साखळीत थायामिनवाचून कडी जुळत नाही. थायामिन नसेल तर अन्न असूनही पेशी उपाशी राहते, आणि मघाचे ते पंप धापा टाकू लागतात.

शरीरातील थायामिनचा एकूण साठा असतो सुमारे ३० मिलिग्रॅम. रोजची गरज एक ते दीड मिलिग्रॅम. म्हणजे दोनतीन आठवड्यांची बेगमी! दारू आतड्यातून थायामिन शोषू देत नाही आणि बिघडलेले यकृत ते साठवू शकत नाही. येणे कमी, साठवण कमी. दिवाळे निघायला वेळ लागत नाही.

दुसरा हल्ला प्रत्यक्ष विषाचा. यकृतात मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य बनते. मद्यार्क आणि हे द्रव्य, दोन्ही मज्जातंतूंना इजा करतात. तंतूंमधील ती वाहतूक दारूमुळे मंदावते असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे. पूर्वी पुष्कळ डॉक्टरांना वाटे की सारा दोष थायामिनच्या अभावाचाच आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये दाखवून दिले की थायामिन पुरेसे असलेल्या मद्यपींचेही मज्जातंतू खराब होतात. या प्रकारात बारीक तंतू आधी बिघडतात आणि आग, ठणका अधिक असतो. तेव्हा "गोळी घेतली की दारू बाधत नाही" असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

येथे एक कोडे उरते. पाय बधिर, तर मग आग कशी होते? रेडिओची तार अर्धवट तुटली की गाणे ऐकू येत नाही, पण खरखर मात्र चालू राहते. जखमी झालेले बारीक तंतू असेच कारणाशिवाय निरोप पाठवीत राहतात. मेंदू बिचारा ते खरे धरतो आणि आग नसताना आग भोगतो.

कोंबड्यांनी दिलेला धडा

थायामिनचा शोध हीदेखील पायांचीच गोष्ट आहे. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्ता शहरात, क्रिस्टियान आइकमन हा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होता. या रोगात माणसांचे पाय बधिर आणि लुळे पडत. एके दिवशी प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच लंगडू लागल्या. काही काळाने त्या आपोआप बऱ्याही झाल्या. चौकशी करता कळले की मध्यंतरी त्यांना लष्करी रुग्णालयातील शिजवलेला, पांढराशुभ्र सडलेला भात मिळत होता. नवीन आचाऱ्याने तो कोंबड्यांना देण्याचे नाकारले, म्हणून त्यांना पुन्हा साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या!

आइकमनला प्रथम वाटले की पांढऱ्या तांदळात काही विष आहे. त्याचा सहकारी ग्रिन्स याने १९०१ मध्ये बरोबर अर्थ लावला : तांदळात काही वाईट आहे असे नसून कोंड्यातले काही चांगले निघून गेले आहे. ते "काही" १९२६ मध्ये स्फटिकरूपात हाती आले, आणि १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ खातात. भात साळीसकट उकडल्याने कोंड्यातले थायामिन दाण्यात उतरते आणि पुढे सडल्यावरही बरेचसे टिकते. डाळी, शेंगदाणे, तीळ, बाजरी यांतूनही ते मिळते. जे पोषण कोंबड्यांच्या ताटातून पांढऱ्या भाताने पळविले, तेच मद्यप्याच्या ताटातून बाटली पळविते.

"पाय झोपला" आणि "हात लुळा पडला"

मांडी घालून बराच वेळ बसले की पायाला मुंग्या येतात. तो रोग नव्हे. दाबामुळे तंतूचा रक्तपुरवठा तात्पुरता अडतो, उठून पाय झटकला की तो सुरळीत होतो. रात्री झोपेतही हात अंगाखाली सापडतो, पण थोड्या वेळात आपल्याला बोचू लागते आणि आपण न जागे होता कूस बदलतो.

दारूच्या गुंगीत मात्र ही चौकीदारी बंद असते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून एखादा तासन् तास तसाच पडतो. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारा मज्जातंतू चेपला जातो आणि सकाळी मनगट वर उचलता येत नाही. इंग्रजीत या दुखण्याला "शनिवारच्या रात्रीचा लुळेपणा" असे नाव पडले आहे. बहुधा तो काही आठवड्यांत बरा होतो. वर्षानुवर्षे पिऊन आलेली बधिरता इतक्या स्वस्तात सुटत नाही.

एक इशारा

हा लेख वाचून कोणाचे पाय बधिर आहेत असे कळले तर "हा पीत असणार" असा तर्क कृपा करून काढू नका. आपल्या देशात पाय बधिर होण्याचे एक फार मोठे कारण मधुमेह हे आहे. ब१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही असे होते. कुष्ठरोगाचे जंतूही मज्जातंतूंवरच हल्ला करतात. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये, कारण औषधाने हा रोग पूर्ण बरा होतो. कारण कोणतेही असो, बधिर पायाला खिळा, काच, निखारा काहीच कळत नाही. जखम चिघळते आणि कधी कधी पाय गमवावा लागतो. वेदना हा आपला शत्रू नसून पहारेकरी आहे. घरात असे कोणी असेल तर रोज रात्री त्यांचे तळवे दिव्याच्या उजेडात पाहून देणे, हे काम तुम्ही मुले सहज करू शकाल.

तात्यांचे पुढे काय झाले?

डॉक्टरांनी तात्यांना दोन गोष्टी सांगितल्या. दारू थांबवावी लागेल हे पहिले. आणि अनेक वर्षांची रोजची सवय डॉक्टरांच्या देखरेखीवाचून एकदम तोडू नये, त्यातून झटके येण्याचाही धोका असतो, हे दुसरे. काही दिवस त्यांना रुग्णालयात ठेवले, थायामिनची इंजेक्शने दिली. घरी आल्यावर काकूंनी दोन वेळचे ताट त्यांच्यासमोर बसून संपवून घेतले.

दीड वर्षाने आम्ही पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. नादकाटा अंगठ्यावर टेकला. तात्या डोळे मिटून बराच वेळ गप्प राहिले आणि त्यांनी नकारार्थी मान हलविली. घोट्यावर टेकला तेव्हा मात्र ते म्हणाले, "आहे. लांबून आल्यासारखं, पण आहे."

रात्रीची आग पुष्कळ कमी झाली आहे. चप्पल अजून कधी कधी निसटते, म्हणून ते मागे पट्टा असलेली वहाण घालतात. ट्रक त्यांनी पुन्हा चालविला नाही. मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तोही मुख्य देह जिवंत असेल आणि विष थांबले असेल तरच. झीज होण्यास वीस वर्षे लागली; भरून येण्यास घाई करून चालत नाही, आणि सारे भरून येईलच असेही नाही.

मी आता वर्गात अनुनादाचा प्रयोग संपला की नादकाटा मुलांच्या मनगटावर टेकवितो. "भुणभुणतंय!" म्हणून सगळी हसतात. मग मी त्यांना बूट काढायला सांगतो.

करून पाहा

१. दोन आगपेटीच्या काड्यांची गूल काढून टाका आणि त्या पाच मिलिमीटर अंतरावर धरून मित्राच्या बोटाच्या टोकाला हळूच टेकवा. त्याने डोळे मिटलेले असावेत. त्याला दोन टोके कळतील. आता त्याच काड्या दंडावर टेकवा, बहुधा एकच टोक कळेल. दोन टोके निराळी कळण्यास दंडावर किती अंतर लागते ते मोजा.

२. वीस मुलांनी गोल करून डोळे मिटावेत. प्रत्येकाने पुढच्याचा खांदा धरावा. आपला खांदा दाबला गेला की पुढच्याचा दाबायचा. एक फेरी पुरी होण्यास लागणारा वेळ शिक्षकांनी मोजावा. मग खांद्याऐवजी घोटा धरून हेच करा. हाताची हालचाल दोन्ही वेळा सारखीच असते, फक्त निरोपाला घोट्यापासून खांद्याइतक्या उंचीपर्यंतचे अंतर जास्त तोडावे लागते. दोन्ही वेळांतील फरकाला मुलांच्या संख्येने भागा आणि येणाऱ्या उत्तराने त्या जादा अंतराला भागा. हा झाला तुमच्या मज्जातंतूंचा वेग! प्रत्येक प्रयोग निदान दहा वेळा करून सरासरी घ्या, आणि तुमचे उत्तर हेल्महोल्ट्झच्या उत्तराशी ताडून पाहा.